परग्रहवासी आपल्याला काय म्हणतील? माणसाचं परकं नाव घडवण्याचे अनुभव

मासुंदाकाठ, ठाणे

दिवाळी अंकांना विज्ञानकथा पाठवायचे दिवस जवळ आलेत. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात विज्ञानकथा लिहिणारे, तपासणारे, अनुवाद करणारे, श्रुतिका बसवणारे बरेच जण आहेत. कथांमध्ये परग्रहावरच्या जीवांना नावं असतात, त्यांच्या शरीरांवर आणि यानांवर पानंच्या पानं असतात. पण तेच जीव आपल्याकडे बघून "हे मानवा" म्हणतात आणि तिथे कथा ढिली पडते. ज्यांनी आपल्याला आत्ता पहिल्यांदा पाहिलं, त्यांना मनूचा वंश कुठून ठाऊक?

म्हणून हा धागा. स्वतःच्या लेखनप्रवासाच्या हकिगती नकोत. नाव कुठून काढता, कोणत्या क्रमाने घडवता, कुठे बिघडतं आणि का, एवढंच लिहा. असं नेमकं लिहा की नव्या लेखकाला आज रात्रीच वापरता येईल.

खाडीकाठ, कोपरी

नाव शोधण्याआधी एक पान भरायचं: त्या जीवाला माणसातलं काय जाणवतं? दिसतं काय, ऐकू काय येतं, वास कसला येतो, ऊन-गार काय लागतं. हे पान भरल्याशिवाय सुचलेलं नाव बहुतेक वेळा आपल्याच डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

माणसाबद्दलचे काही आकडे हाताशी ठेवा. विश्रांतीत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. कातडीचं तापमान ३३-३४ अंश सेल्सियस धरलं तर त्या किरणांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणजे अवरक्त पाहणाऱ्या जीवाला अंधारातला माणूसही उजळ दिसतो. चेहरा आणि तळवे जास्त, केस आणि कपडे कमी. अशा जीवासाठी केसांचा रंग, त्वचेचा रंग ही नावाची सामग्री होऊच शकत नाही. आपल्या शरीराचा सुमारे ६० टक्के भाग पाणी. ऐकण्याचा पल्ला २० ते २०,००० हर्ट्झ. हृदयाचे ठोके मिनिटाला ६० ते १००. पाण्यात राहणाऱ्या, आवाजावर जगणाऱ्या जीवाने नाव दिलं तर ते या ठोक्यावरून येईल, दोन पायांवरून नव्हे.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा जीव शनीच्या टायटन या चंद्रावरचा आहे. तिथे पृष्ठभाग उणे १७९ अंश सेल्सियस, म्हणजे ९४ केल्विन. तळी मिथेन-इथेनची. पाण्याचा बर्फ तिथे दगडासारखा टणक, जमीनच त्याची. आता गुणोत्तर लावा. माणसाचं शरीर ३१० केल्विन. त्याला ९४ने भागलं की ३.३ येतात. आपल्या भवतालाच्या ३०० केल्विनला ३.३ने गुणलं तर ९९० केल्विन, म्हणजे ७०० अंश सेल्सियसच्या थोडं वर. लाव्हाच्या तापमानाचं हे खालचं टोक झालं. टायटनच्या रहिवाशाला माणूस म्हणजे वितळलेल्या खडकाने भरलेली पिशवी, आणि ती चालते. नाव इथून येतं. मराठीत मी ते 'आतवितळे' असं करीन.

याच जागी दोन चुका सर्रास होतात. पहिली, 'अग्निजन', 'ज्वालापुत्र' अशी नावं. टायटनच्या हवेत मुक्त ऑक्सिजन नाही. तिथे आग पेटत नाही, मग आगीचा शब्द त्या भाषेत कशाला असेल? दुसरी चूक जास्त बारीक आहे. पहिल्या भेटीत माणूस दिसतच नाही, दिसतो तो अंतराळपोशाख. पोशाखाला उष्णतारोधक थर असतात. बाहेरून तो फारसा गरम नसतो. आतलं वितळलेपण कळायला पोशाख उघडावा लागेल, फाटावा लागेल किंवा झडपेतून वाफ सुटावी लागेल. म्हणजे 'आतवितळे' हे दुसरं नाव. पहिलं नाव पोशाखाचं. कथेत दोन्ही येऊ द्या आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर कोणत्या प्रसंगाने झालं तो प्रसंग लिहा. बऱ्याचदा तोच कथेचा कणा निघतो.

बखरवाचक, नौपाडा

खाडीकाठताईंचा पोशाखाचा मुद्दा आपल्या दप्तरांत शब्दशः सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार या सगळ्यांना एकत्र बांधणारा शब्द आहे: टोपीकर. भाषा, पंथ, राजा सगळं वेगळं. डोक्यावरची टोपी सारखी. पाहणाऱ्याला जे आधी दिसलं त्यावरून गठ्ठा बांधला गेला.

त्याच यादीतली बाकीची नावं वाचा. प्रत्येकाची वाट निराळी आहे आणि विज्ञानकथेला त्या सगळ्या वाटा चालतात.

फिरंगी हा शब्द 'फ्रँक' या एका टोळीच्या नावावरून अरबी-फारसीतून आला आणि आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगिजांना चिकटला. १७३७पर्यंत ठाणं-साष्टी ज्यांच्या ताब्यात होती, त्यांना फ्रँक लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. 'यवन'ही तसाच: आयोनियातले ग्रीक, मग सगळे ग्रीक, मग पश्चिमेकडून येणारा कोणीही. म्हणजे पहिल्यांदा भेटलेल्या एका गटाचं नाव साऱ्या जातीला लागतं. पहिलं यान ज्या देशाचं, ज्या कंपनीचं, ज्या जहाजाचं असेल त्याचं नाव पुढे आठ अब्ज माणसांना लागायला हवं. तरी कथांमध्ये पहिल्याच भेटीत आख्ख्या मानवजातीला एक शुद्ध नाव मिळतं. हे टाळा.

वलंदेज म्हणजे डच. शब्द आला पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून. म्हणजे डचांचं नाव आपण डचांकडून घेतलंच नाही, त्यांच्या शत्रूकडून घेतलं. डिंगमार हे डेन लोकांचं नावही 'दिनामार्का' या पोर्तुगीज रूपाचंच. कथेत तिसरी जात असेल तर ही वाट फार उपयोगी: माणसाचं नाव मधल्या दलालाच्या तोंडून पोचतं आणि त्यात त्या दलालाचे उच्चार आणि राग दोन्ही असतात.

चौथी वाट वागण्यावरून. कोकणातल्या बेने इस्रायल (ज्यू) लोकांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. घाणा चालवून तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद. त्यांचा धर्म कोणता, आले कुठून, हे गावाला माहीत नसताना दोन निरीक्षणांत नाव तयार झालं आणि पक्कं बसलं. ठाण्यातलं त्यांचं सिनेगॉग १८७९चं आहे, आजही उभं आहे. या नावाची घडण नीट पाहा: एक व्यवसाय, एक खंड. माणसाला परक्याने नाव द्यायचं तर हाच साचा वापरा. आपण काय करतो आणि काय करायचं अधूनमधून थांबवतो? दिवसाचा तिसरा हिस्सा आपण निश्चल पडून असतो. न झोपणाऱ्या जातीसाठी 'दिवसाचा तिसरा हिस्सा मरणारे' हे शनिवार तेलीच्याच साच्यातलं नाव झालं.

पाचवी वाट न कळलेल्या बोलण्याची. ग्रीकांचा 'बार्बारोस', स्लाव्ह भाषांत जर्मनांना लागलेला 'मुके' या अर्थाचा शब्द, आपल्याकडचा 'म्लेच्छ'. शतपथ ब्राह्मणात असुर 'हे अरयः' ऐवजी 'हेऽलवः' म्हणतात आणि हरतात; र-ल च्या गल्लतीवरून माणसं वेगळी काढली जात. माणूस परक्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला की तो कोणता एक ध्वनी चुकतो ते ठरवा. नाव तिथे तयार असतं.

एक सावधगिरी. "तुम्ही कोण?" असं विचारलं आणि उत्तर "मला कळलं नाही" आलं, तेच नाव पडलं, ही युक्ती वापरू नका. कांगारूची ती गोष्ट खोटी आहे. ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर भाषेत 'गांगुर्रू' हा एका मोठ्या करड्या जातीच्या कांगारूचा खरा शब्द आहे. १७७०मध्ये इंग्रज दर्यावर्दी कुकच्या जहाजावरच्यांनी टिपला आणि पुढे सगळ्याच कांगारूंना लागला. खरी घडामोड हीच: एका नमुन्याचं नाव साऱ्या जातीला.

उच्चारी, कळवा

वरच्या दोघांनी अर्थ सांगितला. मी ध्वनीपुरतं लिहितो, कारण काही कथांमध्ये परके आपलाच शब्द उचलतात, फक्त त्यांच्या तोंडाने. तो मोडण्याचे नियम असतात. 'मानव'चं 'म्नाव्ह' करून भागत नाही.

पायरी पहिली: तोंड ठरवा. ओठ आहेत का? नाक घशाला जोडलेलं आहे का? चोच असेल तर प, फ, ब, भ, म, व गेले, आणि ओठ गोल करता येत नाहीत म्हणून उ, ओ सुद्धा गेले. पायरी दुसरी: उरलेली व्यंजनं लिहा. दहा-बारा पुरतात. पायरी तिसरी: अक्षराचा साचा. जोडाक्षर चालतं का? शब्द व्यंजनावर संपतो का? पायरी चौथी: जो ध्वनी नाही त्याच्या जागी काय येईल याची एक पट्टी बनवा आणि कथाभर तीच वापरा. पट्टी बदलली की वाचकाला कारण सांगता येत नसलं तरी खटकतं.

खऱ्या भाषांत हे कसं होतं ते पाहा. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या मोहॉक भाषेत प, ब, म हे ओठांचे ध्वनी मूळचे नाहीत. फ्रेंच 'मारी' हे नाव तिथे 'वारी' झालं. हवाईयन भाषेत आठच व्यंजनं, जोडाक्षर नाही, शब्द स्वरावरच संपतो; 'मेरी ख्रिसमस' तिथे 'मेले कालिकिमाका' होतं. एकाही ध्वनीची अदलाबदल मनमानी नाही.

आता आपला चोचवाला जीव. व्यंजनं: क, ग, त, द, न, र, ल, स, ह. स्वर: अ, आ, इ, ए. जोडाक्षर नाही. शेवटी फक्त स चालतो. त्याने 'माणूस' ऐकला. ण ला न. ऊ ला इ. शेवटचा स टिकला. म ला जवळचा ध्वनी न, म्हणून 'नानिस'. 'ह्यूमन' ऐकला असता तर 'हिनन', आणि शेवटी न चालत नाही म्हणून 'हिना' किंवा 'हिनाना'. 'पृथ्वी' ऐकली असती तर 'तिरितिरि'च्या आसपास काहीतरी.

मोठ्या पडद्यासाठी घडवलेल्या भाषांत पद्धत अशीच असते, फक्त मुळं त्यांच्या स्वतःच्या भाषेतली. पॉल फ्रॉमर यांनी २००९च्या 'अवतार' चित्रपटासाठी घडवलेल्या नावी भाषेत 'ताउ' म्हणजे आकाश, 'तुते' म्हणजे व्यक्ती. माणूस 'ताउतुते', आणि अनेकवचनात पहिला त मऊ होऊन 'साउतुते'. नाव व्याकरणासकट आलं म्हणून ते खरं वाटतं. मार्क ओक्रँड यांनी 'स्टार ट्रेक'साठी घडवलेल्या क्लिंगॉनमध्ये (त्यांचा कोश १९८५चा) रहिवाशासाठी 'ङान' हा शब्द आहे, तो नावाच्या शेवटी जोडला जातो. तो 'तेरा' या पृथ्वीच्या त्यांच्या नावाला लावला की माणूस, दुसऱ्या ग्रहाच्या नावाला लावला की तिथला रहिवासी. असा एक जोडशब्द ठरवला की दहा जातींची नावं फुकट मिळतात.

इंग्रजीतून नक्कल करताना नावाच्या मध्ये वरचा स्वल्पविराम ठोकायची सवय दिसते. क्लिंगॉनमध्ये ते चिन्ह घशातला खटका दाखवतं. ते तिथे पूर्ण व्यंजन आहे. देवनागरीत ते मधेच आलं तर मुद्रितशोधक छपाईची चूक समजून काढून टाकतो. खटका हवाच असेल तर स्वर सुटा लिहा: 'तेरा-अङान'. नाहीतर सोडून द्या.

शुद्धलेखन, पाचपाखाडी

उच्चारी, पद्धत उत्तम, पण 'नानिस' मराठी कथेत टिकणार नाही. तीन कारणं आहेत आणि तिन्ही इतर नावांनाही लागू पडतात.

एक. 'ना-ना'. नाना, काका, बाबा, ताता: तेच अक्षर दोनदा आलं की मराठी कानाला घरातला वडीलधारा माणूस ऐकू येतो. भयाच्या प्रसंगात 'नानिस' म्हणून ओरडलं की प्रसंग गेला. तुमचं 'हिनन' तर 'हीन'कडे जातं आणि 'हिना' म्हणजे मेंदी-अत्तर. म्हणून पट्टी बनवताना ध्वनी जवळचा आहे एवढंच पाहून चालत नाही. मराठीत, हिंदीत आणि आगरी-मालवणीत त्या अक्षरांना काही अर्थ चिकटतो का, तेही पाहा. म च्या जागी न ऐवजी ल घ्या. तोही घोष, तोही लांबवता येणारा ध्वनी. 'लानिस'.

दोन. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार मराठीत दीर्घ लिहिला जातो: गरीब, पाटील, फूल. तुम्ही 'लानिस' लिहा, संपादक 'लानीस' करील. आणि विभक्ती लागली की पुन्हा ऱ्हस्व: गरिबाला, फुलाला, तसं 'लानिसाला'. एकाच नावाची दोन रूपं छापली जातात. 'माणूस' या शब्दात तर ऊ पार नाहीसा होतो: माणसाला. तुम्ही नाव 'तालूण' ठेवलंत तर कोणी 'तालुणाला' लिहील, कोणी 'तालणाला', आणि ओळखपत्रावरचं नाव आणि संवादातलं नाव वेगळं दिसेल. उपाय सोपा: उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) जागी आ किंवा ए ठेवा. 'लानेस': लानेसाने, लानेसाला, लानेसांचा, लानेसांहून. कुठेच मोडत नाही.

आकारान्त नावाचा घोळ आणखी मोठा. 'लानेसा' ठेवलंत तर मराठी मन त्याला मासा-ससा-पैसा या घरात बसवतं: माशाला, सशाला, पैशाला, म्हणून 'लानेशाला'. स चा श झाला. काही लेखक राजा-काका यांच्यासारखं न बदलता 'लानेसाला' लिहितात. दोन्ही चालतील, पण पहिल्या पानाआधी ठरवा आणि मुद्रितशोधकाला चिठ्ठीत लिहून द्या.

तीन, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: लिंग. मराठीत तीन आहेत आणि तिसरं फार कमी लेखक वापरतात. जनावर आलं, पाखरू उडालं, मूल रडलं. परके माणसाला कुठे ठेवतात? 'लानेस आला' म्हणाले तर त्यांनी आपल्याला त्यांच्या बरोबरीचं धरलं. 'लानेस आलं' म्हणाले तर मोठ्या सुरुवातीशिवाय, एकाही शिवीशिवाय वाचकाला कळतं की आपण त्यांच्या लेखी जनावर किंवा लेकरू आहोत. 'ते बोलतंय' एवढ्या दोन शब्दांत पूर्ण परिच्छेदाचं काम होतं. मालवणीत 'चेडू' म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी असते, त्यामुळे तिकडच्या वाचकाला या रूपात मायाही ऐकू येते. कोणता सूर हवा तो शेजारच्या क्रियापदाने पक्का करा.

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत नामांचे वर्गच आहेत. माणसांचा वर्ग म-वा या उपसर्गांचा. युरोपियनांसाठीचा शब्द 'म्झुंगू', अनेकवचन 'वाझुंगू', फिरत राहणारे या अर्थाच्या धातूवरून. नाव परकं, टीकाही त्यात आहे, पण वर्ग माणसांचाच दिला. तुमच्या कथेत उलट करून पाहा: नाव गौरवाचं, वर्ग वस्तूंचा. आणि कथेच्या शेवटाकडे एकाच पात्राच्या तोंडी 'आलं'चं 'आला' होऊ द्या.

जाता जाता: च, ज, झ हे अ, आ, उ, ओ यांच्या आधी मराठीत दोन तऱ्हेने वाचले जातात. 'चाक' आणि 'चहा' यांतला च वेगळा. 'जारक' नाव ठेवलंत की अर्धे वाचक एक म्हणतील, अर्धे दुसरं. इ-ए च्या आधी हा प्रश्न नाही. तिथे वापरा किंवा ही अक्षरं टाळा.

उच्चारी, कळवा

'लानेस' मान्य. म ला ल ही अदलाबदल ध्वनीच्या दृष्टीने जरा लांबची आहे, पण एकदा पट्टीत घातली की 'महेश', 'मीरा' सगळ्यांना तीच लावायची: 'लहेस', 'लिरा'. मग ती पटते.

रोहितवाट, ऐरोली

प्राण्यांच्या आवाजांचा अभ्यास करणाऱ्यांकडून एक-दोन गोष्टी घ्याव्यात, कारण माणूस नसलेल्या जीवांनी माणसाला वेगळं ओळखणं हे प्रत्यक्ष नोंदलेलं आहे.

व्हर्व्हेट माकडं बिबळ्या, गरुड आणि साप यांच्यासाठी निरनिराळे इशारे देतात. सेफर्थ, चेनी आणि मार्लर यांचं हे काम १९८०चं. आवाज ऐकला की कृती ठरलेली: बिबळ्या असेल तर झाडावर, गरुड असेल तर झुडपात, साप असेल तर मागच्या पायांवर उभं राहून खाली बघायचं. म्हणजे इशाऱ्यात प्राण्याचं वर्णन असण्यापेक्षा 'आता काय करायचं' हे जास्त आहे. उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरी डॉगवर (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) कॉन स्लोबोडचिकॉफ यांनी केलेल्या कामात माणसासाठीचा इशारा कोल्ह्या-ससाण्याच्या इशाऱ्याहून वेगळा निघाला, आणि माणसाच्या शर्टाच्या रंगाप्रमाणे त्यात फरक पडतो असंही दिसलं. पुन्हा कपडेच.

लेखकाने यातून घ्यायचं ते असं. परक्या जातीच्या नावात कृती दडवा. 'लपा' आणि 'माणूस' यांना एकच शब्द असू शकतो. मग संवादात कोणीतरी शांतपणे, बसल्या जागी तो शब्द उच्चारतो आणि आसपासचे सगळे दडतात. भाषांतरयंत्र मात्र 'मनुष्य' एवढंच दाखवतं. धोका नसून अन्न देणारा माणूस असेल तर शब्द 'या'च्या जवळचा होईल. एका ग्रहावर दोन टोळ्यांकडे दोन शब्द असतील तर कोणत्या टोळीला माणूस कसा भेटला ते वेगळं सांगायची गरज उरत नाही.

ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांना बघायला जाणारी बोट ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटते. (खाडीला अभयारण्याचा दर्जा २०१५चा, रामसर यादीत नाव २०२२चं.) पक्षी सरकतात ते बोटीच्या अंतरावर आणि इंजिनाच्या आवाजावर. माणूस, बोट, इंजिन हा त्यांच्यासाठी एकच प्राणी असावा, असं पाहताना वाटतं. कथेतही यान आणि माणूस हे दोन वेगळे जीव आहेत हे परक्यांना कधी कळलं, ते ठरवा. त्याआधीचं नाव यानाचं असणार, आणि माणूस बाहेर पडला की त्यांना वाटेल यानाने पिल्लू घातलं.

दुभाषी, नेरूळ

इंग्रजीतून मराठीत आणताना नेहमी अडतं ते 'टेरन' आणि 'अर्थलिंग' या दोन शब्दांपाशी. पहिला लॅटिन 'टेरा'वरचा, सूर औपचारिक किंवा लष्करी. दुसऱ्याचा सूर वरून खाली बघणारा. दोन्हींना 'पृथ्वीवासी' लावलं की फरक पुसला जातो. माझी वाटणी अशी: तहनाम्यात, हुकमात 'पार्थिव', हिणवताना 'भुईचे' किंवा 'मातीतले'. 'पार्थिव'ला मराठीत प्रेताचाही अर्थ आहे, त्यामुळे मरणाच्या प्रसंगाच्या जवळपास तो आणू नका. तिथे 'भूलोकीचे' घ्या.

'मर्त्य' शब्द फार वापरला जातो, बेतानेच वापरावा. जो हा शब्द उच्चारतो तो स्वतः अमर असल्याचा दावा करतो. परका तीनशे वर्षं जगत असेल तर तो आपल्याला 'मर्त्य' म्हणणार नाही, 'अल्पायुषी' म्हणेल. 'मनुज', 'मानव' यांत मनू आहे. निवेदकाच्या तोंडी बिनधास्त वापरा, परक्याच्या पहिल्या संवादात नको.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवण्यासारखा. सी. एस. लुईस यांच्या १९३८च्या मंगळावरच्या कादंबरीत 'ह्नाऊ' असा शब्द आहे: विचार करणारा कोणताही जीव. मंगळावरच्या तीन जाती ह्नाऊ, माणूसही ह्नाऊ. इथे प्रश्न 'त्यांनी आपल्याला काय नाव दिलं' हा राहत नाही, 'कोणत्या यादीत घातलं' हा होतो. मराठीत अशा यादीचं नाव घडवायचं असेल तर 'जीव', 'जन', 'गण' यांतलं 'गण' मला सोयीचं वाटतं: लहान, विभक्तीला सरळ, आणि कोणत्याच शरीराला बांधलेलं नाही.

ध्वनिमुद्रण, वाशी

श्रुतिकेसाठी थोडं. कानाला नाव दुसऱ्यांदा वाचायची सोय नसते. म्हणून नाव दोन किंवा तीन अक्षरांचं ठेवा, पहिलं अक्षर जोरकस. नाव वाक्याच्या शेवटी आलं की नट श्वास सोडतो आणि शेवटचं अक्षर गिळलं जातं. 'आलेत लानेस' पेक्षा 'लानेस आलेत' असं लिहून द्या. प, फ, भ ने सुरू होणारं नाव माइकमध्ये फुटतं, स-श ची दाटी शिट्टी वाजवते. परक्याच्या आवाजावर प्रतिध्वनी किंवा सूर खाली आणायचा परिणाम लावणार असाल तर मूळ कोरा आवाज वेगळा जपा, आणि नाव पहिल्यांदा येतं त्या वाक्यावर परिणाम निम्म्याने कमी ठेवा. त-द, क-ग असा एकाच व्यंजनाचा फरक असलेली दोन नावं एका श्रुतिकेत नकोत. परिणाम चढवला की दोन्ही सारखीच ऐकू येतात.

बखरवाचक, नौपाडा

दुभाषींच्या तहनाम्यावरून सुचलं. एकाच जातीला एकाच वेळी किमान तीन नावं असतात: कागदावरचं, बाजारातलं आणि पाठीमागचं. दरबारात वेगळा शब्द, बंदरावर वेगळा. कथेत एकच नाव सेनापतीपासून हमालापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलं की ती जात एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटते. कागदावरचं नाव लांब ठेवा, बाजारातलं त्याचाच तुकडा असू द्या, आणि पाठीमागचं आवाजाने वेगळं पण निरीक्षणाने जास्त अचूक. शिवीत निरीक्षण बारीक असतं.

नावाला वयही असतं. बंगालात १७४१ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा शिरल्या. आपल्याकडे 'बारगीर' म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, पगारी हुद्दा. तिकडे तो 'बर्गी' झाला, सगळ्या मराठ्यांना लागला, आणि लेकरांना झोपवायच्या गाण्यात जाऊन बसला, अजून तिथेच आहे. हुद्द्याचं भीतीत रूपांतर व्हायला दहा वर्षं पुरली. कथेत दोन पिढ्यांचं अंतर असेल तर आजीच्या तोंडचं नाव आणि नातवाच्या तोंडचं नाव एकाच शब्दाची दोन रूपं असू द्या.

उलट प्रवासही होतो. मोगली कागदांत मराठ्यांना 'गनीम' म्हणजे शत्रू म्हटलेलं असतं. 'गनिमी कावा' हा शब्दप्रयोग आज आपण अभिमानाने वापरतो. शत्रूने दिलेलं नाव आपल्याच अंगावर मिरवलं. माणसांनी परक्यांचं नाव स्वतःला कधी लावून घेतलं, कोणत्या पिढीने, वसाहतीतल्या की पृथ्वीवरच्या, याचं उत्तर कथेत एका ओळीत तरी असावं.

मासुंदाकाठ, ठाणे

एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलंय, म्हणून इथेच विचारते: हे सगळं ठरवल्यावर वाचकाला नावाचा अर्थ कधी सांगायचा? तळटीप द्यावी का?

खाडीकाठ, कोपरी

तळटीप नको. नाव पहिल्यांदा येईल तेव्हा शेजारी कृती ठेवा: कोणीतरी माणसाकडे बोट दाखवतं, कोणीतरी मागे सरतं. एवढ्याने हे आपलंच नाव हे कळतं, अर्थ कळत नाही. दुसऱ्यांदा तेच नाव माणसाशी संबंध नसलेल्या जागी वापरा. 'आतवितळे' घेतलं तर टायटनवरचा कोणीतरी भूगर्भातून वर येणाऱ्या ओल्या, गरम पाण्याबद्दल बोलताना 'आतवितळ' म्हणतो. इथे चौकस वाचकाला जोड लागते. तिसऱ्यांदा माणसाच्या तोंडी, चुकीच्या उच्चाराने. स्पष्टीकरणाचा परिच्छेद तरीही ठेवावासा वाटला तर तो लिहून काढा, वहीत ठेवा आणि कथा त्याशिवाय एकदा दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. त्याला अर्थ लागला नाही, तर दुरुस्ती दुसऱ्या वापरात करायची असते.

शुद्धलेखन, पाचपाखाडी

आणि त्या दुसऱ्या वापरात विभक्ती लावू नका. 'आतवितळ' प्रथमेत, कोरा. पुढे 'आतवितळ्यांनी', 'आतवितळ्यांचा' अशी रूपं येतात तेव्हा मूळ शब्द वाचकाने आधी एकदा पाहिलेला असायला हवा. लांब सामासिक नावांत हे फार जाणवतं.